यकृतांतील गांठ आणि घरांतील निर्णय

यकृतांत कर्करोगाची लहानशी गांठ सांपडली, परंतु ती कापून काढण्याजोगी नाहीं, असें डॉक्टरांनीं सांगितलें म्हणजे सुशिक्षित घरांतहि बहुधा दोहोंपैकीं एक गोष्ट घडते. ‘आतां उपाय उरला नाहीं’ असें समजून रोग्यास स्वस्थ घरीं ठेवण्यांत येतें; किंवा जो कोणी झाडपाल्याची हमी देईल त्याच्या दारीं नेण्यांत येतें. दोहोंतहि जाणारा काळ परत मिळत नाहीं. शस्त्रक्रिया अशक्य असली तरी उपाय शिल्लक असूं शकतात, एवढेंच आज आम्हांस सांगावयाचें आहे.

शस्त्रक्रिया नाकारण्याचें कारण पुष्कळदां गांठीपेक्षां यकृतांतच असतें. काविळीच्या ‘बी’ किंवा ‘सी’ विषाणूनें, मद्यपानानें अथवा चरबी सांचल्यानें यकृत् आधींच निबर झालेलें असतें. त्याचा तुकडा कापला तर उरलेल्या भागास शरीराचा भार सोसत नाहीं. म्हणून गांठ जागच्या जागीं नष्ट करण्याचे उपाय निघाले.

गांठी तीनपर्यंत व प्रत्येकी तीन सेंटिमीटरपर्यंत असतील तर सोनोग्राफीच्या साह्यानें कातडींतून सुई घालून त्या उष्णतेनें जाळतात. पूर्वीं अशाच सुईनें शुद्ध मद्यार्क सोडीत. परंतु दोन सेंटिमीटरांवरील गांठींत उष्णतेचा गुण अधिक येतो. मात्र गांठ मोठ्या रक्तवाहिनीस लागून असेल तर वाहतें रक्त उष्णता ओढून नेतें. पित्तनलिका किंवा आंतडें जवळ असल्यास त्यांस इजेचें भय असतें. तेथें नेमक्या जागीं रोखलेल्या किरणांच्या थोड्या बैठकी उपयोगी पडतात. गांठी अनेक असल्यास धमनीचा मार्ग धरतात. निरोगी यकृतास बहुतेक रक्त आंतड्यांकडून येणाऱ्या शिरेंतून मिळतें, गांठीस मुख्यतः धमनींतून. म्हणून जांघेंतील किंवा मनगटांतील धमनींतून बारीक नळी नेऊन गांठीपाशीं औषध सोडतात व तिचा रक्तपुरवठा बंद करतात. योग्य रोग्यांची निवड केल्यास यानें आयुष्य वाढतें, हें २००२ सालीं बार्सिलोना व हाँगकाँग येथील प्रयोगांनीं दाखविलें. याच वाटेनें यट्रियम-९० चे किरणोत्सर्गी कणहि सोडतां येतात.

यांत सर्वोत्तम कोणता, हें रोगी पाहिल्यावांचून ठरत नाहीं. म्हणून तीन प्रश्नांचीं उत्तरें लिहून घ्यावीं. गांठ यकृताचीच कीं अन्यत्रून पसरलेली, आणि ती केवढी, कितवी व कोठें आहे? चाइल्ड-प्यू मोजणीनें यकृत् ‘ए’, ‘बी’ कीं ‘सी’ वर्गांत बसतें? आणि रोगी स्वतः हिंडताफिरता आहे काय? ‘सी’ वर्गांत गांठ मारतांना यकृतच ढासळण्याचा संभव असतो. तेथें यकृत्-रोपणाचा विचार, आणि तो शक्य नसल्यास कष्टनिवारण, हाच योग्य मार्ग होय.

अहिल्यानगर जिल्ह्यांत लोणी येथें वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय आहे; नगराहून पुणें सुमारें १२० किलोमीटर; आणि मुंबईस १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय आहे. कोठेंहि जावें, पण यकृततज्ज्ञ, शल्यवैद्य व क्ष-किरणतज्ज्ञ यांचें एकत्र मत मागावें. हें आपल्यास कसें समजणार, असें कोणी म्हणूं नये. याच जिल्ह्यांतील जामखेडास डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० पासून खेड्यांतील निरक्षर बायांस आरोग्यसेविका करून दाखविलें. मग पदवीधरांच्या घरास तीन प्रश्न कां जड वाटावे?

शेवटीं एक गोष्ट स्पष्ट सांगतों. आमच्या एकत्र कुटुंबांत सासूबाईंच्या दुखण्याचा निर्णय मुलगे व जांवई बाहेरच्या खोलींत घेतात, आणि त्यांस नुसतें ‘सूज आहे’ म्हणून सांगतात. ही माया खरी असली तरी न्याय्य नाहीं. सुई त्यांच्याच अंगांत जावयाची आहे. उपचारानंतर महिन्याभरानें, व पुढें दर तीनचार महिन्यांनीं, तपासणीसहि त्यांनाच जावयाचें आहे, कारण निबर यकृतांत नवी गांठ पुन्हा उद्भवूं शकते. खरें ठाऊक नसलेला रोगी ही वाट किती दिवस चालेल? सौम्य शब्दांत, पण खरें सांगावें, आणि निर्णयांत पहिलें मत त्यांचें घ्यावें.