सांडवा, घरातला

रात्रीचे दोन. बारामतीच्या आमच्या घरात हॉलमधला लाइट लागला. आजी भिंतीला धरून किचनकडे निघाली होती.

"आजी, काय झालं?"

"आरं, नळ चालू राह्यलाय बघ कुठंतरी."

नळ बंदच होता, मंडळी. चालू होता तो माझा लाडका चार फुटी फिशटँक! मी सोमवार ते शुक्रवार पुण्यात, त्यामुळे रात्रीचं त्याचं संगीत मी कधी ऐकलंच नव्हतं. आजी महिनाभर ऐकत होती. तिचं माहेर सुप्याकडचं, जिरायती भागातलं. टँकरची वाट बघत मोठी झालेली बाई वाहत्या पाण्याच्या आवाजात झोपेल कशी? आणि नातवाची हौस म्हणून ती एका शब्दाने बोलली नाही. सॉलिड गिल्टी वाटलं राव.

आता प्रॉब्लेम समजून घेऊ. टाकीच्या कोपऱ्यात काचेचा एक कप्पा असतो. वरचं पाणी त्यात सांडतं, उभ्या पाइपातून खालच्या कपाटातल्या सम्पमध्ये उतरतं, तिथे गाळलं जातं आणि पंप ते परत वर ढकलतो. थोडक्यात, हा टाकीचा सांडवा. सांडव्याशिवाय बंधारा नाही आणि टाकीही नाही. मग आवाज कसला?

उत्तर मिळालं इंदापूरला, मामाच्या पाइपच्या दुकानात. मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकून मामा हसला. "अरे, पाइपात हवा आणि पाणी भांडतायत. शेतातल्या पाइपलाइनला आपण एअर व्हॉल्व्ह का लावतो? हवेला वेगळी वाट द्यायला. इथं दे की!"

गंमत म्हणजे रिचर्ड डुर्सो नावाच्या एका मत्स्यालयवेड्याने नेमकं हेच केलंय. जगभरचे हौशी लोक या पाइपाला त्याच्याच नावाने ओळखतात. उघड्या तोंडाच्या पाइपात पाणी भोवरा करत शिरतं आणि सोबत हवा ओढतं, म्हणून ती गुडगुड. त्यावर उपाय असा: पाइपाच्या डोक्यावर आडवी टी बसवायची. तिच्या मधल्या तोंडाला खाली वळलेला एल्बो लावायचा, म्हणजे पाणी पृष्ठभागाच्या खालून आत येतं. वरच्या तोंडाला कॅप, आणि कॅपला हवेसाठी छोटं भोक. कप्प्यातलं पाणीही आता वरच थांबतं, त्यामुळे धबधब्याचा आवाज गेला.

सामान सगळं शेतीच्या दुकानातलं. तळाचं फिटिंग एक इंची असेल तर उभा पाइप सव्वा इंची घ्या आणि खाली रिड्यूसर लावा. मोकळ्या पाइपात हवा आणि पाणी दोघांनाही जागा मिळते. कॅपच्या भोकात मामाने ठिबकची बारीक नळी आणि छोटा कॉक बसवून दिला. कॅप मात्र चिकटवू नका, साफसफाईला निघाली पाहिजे. बाकी जोड सोल्युशनने चिकटवा, दिवसभर वाळू द्या, धुवा, मगच माशांच्या पाण्यात घाला.

खरी मजा ट्यूनिंगची. कॉक फार आवळला की पाइप पाण्याने पूर्ण भरतो, सायफन सुरू होतो, कप्पा झरझर रिकामा होतो आणि फ्लशसारखा घोट घेऊन थांबतो. पुन्हा तेच! फार उघडला की गुडगुड. मधला पॉइंट कानाने शोधायचा, रेडिओचं स्टेशन लावतात तसा. पाइपाचं खालचं टोक सम्पच्या पाण्यात जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर बुडवा. जास्त खोल नेलंत तर अडकलेली हवा पुन्हा वर उसळते.

आणि बॉस, लाइट जाणार हे धरूनच चाला. पंप बंद पडला की टाकीतलं वरचं पाणी खाली येणारच. चार फूट बाय दीड फुटाच्या टाकीत पातळी तीन सेंटीमीटर उतरली तर सुमारे 17 लिटर पाणी! तेवढी जागा सम्पमध्ये रिकामी हवी. पंपाच्या परतीच्या नळीलाही पाण्याच्या पातळीलगत एक बारीक भोक पाडा, नाहीतर तीच उलटा सायफन होऊन टाकी खाली ओतेल. मग स्वतःच प्लग काढून, सम्पशेजारी बसून टेस्ट घ्या. फरशी कोरडी राहिली तर पास.

त्या शनिवारी रात्री सगळं सेट झालं. हॉलमध्ये फक्त पंख्याचा आवाज. आजी टाकीसमोर खुर्ची ओढून बसली.

"पाणी जातंय कुठं रं?"

"खाली. आणि तेच परत वर येतं."

"म्हणजे वाया जात नाय?"

"थेंबभर उडून जातं, बस्स."

तिने मान हलवली, चष्मा काढला आणि लाइट घालवायला सांगितला. दोन वाजता मीच उठलो, सवयीने. आजी घोरत होती.

तिच्यावर मात्र अजून व्हॉल्व्ह निघालेला नाही!