परदेशी गाठींवरचे शुल्क माफ, झळ यवतमाळच्या कापसाला का?

केंद्र सरकारने परदेशी रुईवरचे ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्ट २०२५ पासून माफ केले. ही सवलत आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती, नंतर ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली. पांढरकवडा, वणी, राळेगाव, घाटंजीत नवा कापूस घरात येतो तो नेमका याच दिवसांत. दूरच्या बंदरातला कर माफ झाला म्हणून इथल्या जिनिंगच्या दारातला भाव का हलतो, ते समजून घेऊ.

शुल्क नेमके कशावर लागते?

मोबाइलवरून परदेशातली एखादी वस्तू मागवली, तर सीमाशुल्क केवळ तिच्या किमतीवर लागत नाही. वस्तूची किंमत, तिथून इथवरचे भाडे आणि विमा यांची बेरीज धरली जाते आणि त्या बेरजेवर शुल्क आकारले जाते. सूतगिरणीने ब्राझील, अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियातून रुई मागवली तरी हिशेब हाच असतो.

समजा, रुईची किंमत १०० रुपये आणि जहाजभाडे व विमा ६ रुपये. मग शुल्क १०६ रुपयांवर लागेल. ११ टक्क्यांनी ते ११ रुपये ६६ पैसे होते आणि गिरणीला ती रुई ११७ रुपये ६६ पैशांना पडते. शुल्क माफ असेल तर १०६ रुपयांतच काम भागते. वरचा वस्तू व सेवा कर गिरणीला पुढे वजावटीत मिळतो, त्यामुळे तिच्या दृष्टीने खरा खर्च सीमाशुल्काचाच.

११ टक्के आले कुठून?

२०२१ च्या अर्थसंकल्पापर्यंत परदेशी रुईवर शुल्क नव्हते. त्या अर्थसंकल्पात ५ टक्के मूळ सीमाशुल्क आणि ५ टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर लावण्यात आला. या दोन्हींवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी १ टक्का. असे ११ टक्के झाले. यातला निम्म्याच्या जवळपास वाटा शेतीच्या नावाने घेतला जातो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

सवलतही पहिल्यांदाच दिलेली नाही. २०२२ मध्ये १४ एप्रिलपासून ३० सप्टेंबरपर्यंत शुल्क माफ होते, तेही पुढे ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढवले गेले. ३२ मिलिमीटरहून अधिक लांब धाग्याच्या रुईवरचे शुल्क फेब्रुवारी २०२४ मध्ये काढले गेले. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारानुसार वर्षाला ५१ हजार टन, म्हणजे १७० किलोच्या ३ लाख गाठी शुल्काविना येऊ शकतात.

जहाजभाड्यामुळे परदेशी माल महाग पडत नाही का?

पडतो, पण वाटतो तेवढा नाही. देशातल्या सूतगिरण्यांचे मोठे केंद्र तमिळनाडूत आहे. यवतमाळची गाठ कोइंबतूरला जायची तर ट्रकने हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करते. परदेशी गाठ तुतिकोरिन बंदरात उतरली की गिरणीपासून काही तासांच्या अंतरावर असते. समुद्रमार्गे एकाच वेळी मोठा माल येत असल्याने किलोमागे भाडे कमी बसते. म्हणून आपल्या कापसाला खरा आडोसा शुल्काचा असतो, अंतराचा नव्हे.

मुदतवाढीने काय बदलले?

इथेच खरी मेख आहे. शुल्काचा दर मागणी नोंदवल्याच्या दिवसावर ठरत नाही. बंदरात आयातीचे कागद, म्हणजे बिल ऑफ एंट्री, ज्या दिवशी दाखल होते तो दिवस धरला जातो. जहाज त्यानंतर पोहोचले तर जहाजाच्या प्रवेशाचा दिवस. पहिली सवलत जेमतेम सहा आठवड्यांची होती. तेवढ्यात सौदा करून, गाठी भरून, समुद्र ओलांडून माल आणणे अवघड. वाटेत असलेल्या मालालाच तिचा फायदा होता. मुदत डिसेंबरअखेर गेली तेव्हा नवे सौदे करायला वाव मिळाला आणि तो माल बंदरात उतरण्याचा काळ आपल्या वेचणीशी येऊन भिडला.

क्विंटलमागे फरक किती?

एक अंदाज मांडू. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, उरलेल्यात मुख्यतः सरकी. परदेशी रुई भाड्यासह बंदरात १५० रुपये किलोने पडते असे धरले, तर ११ टक्के म्हणजे किलोमागे साडेसोळा रुपये. ३४ किलोंचे झाले ५६१ रुपये. ज्याच्या घरी २० क्विंटल कापूस आहे, त्याच्या हिशेबात हा आडोसा ११ हजार रुपयांचा.

सगळीच रक्कम भावातून वजा होते असे नाही. सरकीचा दर, रुपया-डॉलर, जगातले उत्पादन यांचाही भाव ठरवण्यात वाटा असतो. पण सवलत जाहीर होताच खुद्द भारतीय कापूस महामंडळाने, म्हणजे सीसीआयने, आपल्याकडच्या गाठींचे विक्रीदर उतरवले. बाजाराने काय अर्थ घेतला, ते यावरून कळते.

गिरण्यांचे म्हणणे काय?

त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावले होते. तयार कपड्यांच्या निर्यातीवर लाखो कामगारांची चूल अवलंबून आहे. बांगलादेश, व्हिएतनाम यांच्याशी टक्कर द्यायची तर सूत स्वस्त हवे, हे खरेच.

मात्र निर्यातीच्या मालासाठी शुल्काविना कच्चा माल आणण्याची सोय आधीपासून आहे. अ‍ॅडव्हान्स ऑथोरायझेशन नावाची ही योजना त्यासाठीच आहे. तिची कागदपत्रे लहान गिरण्यांना जड जात असतील तर ती सोपी करता आली असती. सरसकट माफीने देशातच विकल्या जाणाऱ्या कापडाच्या रुईलाही सवलत मिळाली. निर्यातदाराला दिलेल्या आधाराची किंमत कोरडवाहू शेतकऱ्याने का मोजावी?

शेतकऱ्याच्या हातात काय आहे?

२०२५-२६ चा हमीभाव मध्यम धाग्यासाठी ७,७१० आणि लांब धाग्यासाठी ८,११० रुपये क्विंटल होता. खुला बाजार त्याखाली असताना सीसीआयचे केंद्र हाच आधार. तिथे विकायचे तर २०२५-२६ मध्ये ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी लागत होती. आधार, सातबारा आणि पीकपेरा यांतली नावे जुळतात का, बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, हे आधीच तपासा. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण दर मिळतो, त्यावर कपात होते आणि १२ टक्क्यांवर कापूस घेतला जात नाही. म्हणून पहाटेच्या दवात वेचलेला कापूस वाळवूनच गाडीत भरा.

मग व्हायला काय हवे?

शुल्क कधीच माफ करू नये, असा हट्ट कोणी धरू नये. पण माफीला शेतीचे वेळापत्रक हवे. जूनमध्ये पेरणी करणाऱ्याने हमीभाव आणि ११ टक्क्यांचा आडोसा धरून खर्च केला. पीक बोंडात असताना नियम बदलला. पुढे अशी सवलत द्यायचीच असेल तर ती पेरणीआधी जाहीर व्हावी आणि एप्रिल ते ऑगस्टपुरती असावी. ऑस्ट्रेलियाच्या कराराप्रमाणे तिला गाठींची मर्यादा असावी. आणि सवलत वेचणीच्या दिवसांत चालू असेल, तर पहिल्या वेचणीआधी खरेदी केंद्रे उघडण्याची जबाबदारीही सरकारचीच.

सरकारला शुल्क माफ करायला एक अधिसूचना पुरते. यवतमाळच्या शेतकऱ्याला मात्र उभे पीक बदलता येत नाही. ३१ डिसेंबर २०२५ ला ही सवलत संपली. अशी सवलत पुन्हा देण्याचा विचार होईल, तेव्हा शेवटची वेचणी अजून झाडावर आहे का, याचा हिशेब दिल्लीने आधी करावा.