नावाचा व्यापार आणि नावाची पत

भोपाळच्या चौकात किंवा जुमेरातीत एखादे चालते दुकान हाती घेणारा मनुष्य केवळ भिंतींचे पैसे मोजीत नाही. त्या दुकानाच्या नावलौकिकाचेही मोजतो. आपणां व्यापाऱ्यांस हे सांगावयास नको. अलीकडे आपल्या घरांतील काही तरुण इंटरनेटवरील मुदत संपलेली नावे, म्हणजे डोमेन, स्वस्तात घेऊन चढ्या भावाने विकण्याच्या उद्योगाकडे वळू पाहत आहेत. त्यास सरसकट सट्टा म्हणून हिणवणे आम्हांस योग्य वाटत नाही. परंतु त्याचा हिशेब आणि त्याची नीती, दोन्ही आधी तपासली पाहिजेत.

असे नाव कायमचे विकत मिळत नाही. ते मुदतीच्या पट्ट्याने मिळते. '.कॉम' नावाचे शुल्क भरावयाचे राहिले, तर प्रथम बहुधा काही दिवसांची सवलत असते. पुढे ते रद्द झाल्यावरही ३० दिवस जादा आकार देऊन सोडविता येते. त्यानंतरचे ५ दिवस सरले, की जो प्रथम मागेल त्याचे ते होते. चांगली नावे तर पुष्कळदा त्याआधीच लिलावात निघतात.

आता हिशेब पाहू. वर्षाला नावामागे हजार रुपये धरले, तर शंभर नावे सांभाळण्यास दरसाल लाख रुपये लागतात, मग विक्री होवो वा न होवो. त्यांतील दोनच विकली गेली, तर प्रत्येकाचे पन्नास हजार आले तरच केवळ खर्च निघेल. गोदामातील धान्य पडत्या भावाने तरी विकले जाते. गिऱ्हाईक नसलेल्या नावास भावच नसतो.

नीतीचा प्रश्न याहून मोठा आहे. 'धान्य', 'साडी' अशा सर्वांच्या शब्दांचे नाव घेऊन विकणे हा सरळ व्यापार होय. परंतु दुसऱ्याच्या पेढीचे नाव अडवून त्याच्याकडूनच पैसे मागणे हा व्यापार नव्हे. 'रेडिफ'शी मिळतेजुळते 'रॅडिफ' हे नाव वापरण्यास मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ साली मनाई केली. डोमेन-नावासही व्यापारचिन्हाप्रमाणे संरक्षण मिळू शकते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली 'सत्यम इन्फोवे'च्या खटल्यात दिला. आपल्याकडे तर प्रतिरूपक व्यवहार हा अचौर्यव्रताचा अतिचारच मानला आहे. त्यासाठी न्यायालयाची वाट पाहण्याचे कारण नाही.

याउलट एक उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीकडूनही 'पासपोर्ट डॉट कॉम'चे शुल्क भरावयाचे राहिले आणि हॉटमेलच्या अनेक ग्राहकांची अडचण झाली. तेव्हा अमेरिकेतील एका प्रोग्रामरने स्वतःचे ३५ डॉलर भरून ती दूर केली. नाव बळकावण्याचा विचार त्याने केला नाही.

एवढ्या मोठ्या पेढीस जे विस्मरण झाले, ते आपणांस होणार नाही असे कसे म्हणावे? समजा, दुकानाचे संकेतस्थळ करून देणारा मुलगा नोकरी सोडून गेला आणि मुदतीची सूचना त्याच्याच पत्त्यावर जात राहिली, तर पिढ्यांनी मिळविलेले नाव हजार रुपयांसाठी परक्याच्या हाती जाईल आणि त्या नावाखाली तो काय दाखवील, यावर आपला ताबा राहणार नाही.

म्हणून आमची सूचना अशी, की दुसऱ्यांची नावे घेण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःचे नाव कोणाच्या खात्यावर आहे आणि त्याची मुदत केव्हा संपते, हे पाहावे. संघानेही सभासदांच्या मुदतींची एक नोंदवही ठेवावी. दिवाळीस वहीपूजन होते, त्याच दिवशी ती उघडून पाहावी. आणि एखाद्या व्यापारी बंधूचे नाव सुटलेले दिसले, तर ते घेऊन मूळ खर्चात त्याचे त्यास परत करावे. या व्यवहारात नफा नाही, पण पत आहे. आणि आपला सर्व व्यापार पतीवरच उभा आहे.