धूळपाटी आणि चावडी

मराठी विकिपीडियाचा प्रारंभ १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी झाला. तेथे कोणालाही लिहिता येते, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. लिहिलेले कोणालाही बदलता येते, हे मात्र नवख्याला पहिल्याच दिवशी आणि बहुधा कटू रीतीने कळते.

जैन घरातील एखादा तरुण दुकान वाढवल्यावर रात्री संगणकापुढे बसतो आणि भगवान महावीरांवरील लेख उघडतो. घर श्वेतांबर परंपरेचे असेल, तर यशोदादेवींशी झालेल्या विवाहाचा उल्लेख त्याला स्वाभाविक वाटतो. दिगंबर परंपरेचे असेल, तर तेच वाक्य चूक समजून तो खोडतो. कारण त्या परंपरेनुसार महावीर अविवाहित राहिले. सकाळी पाहतो, तर त्याचा बदल उलटवलेला. कारण न कळल्याने तो दुखावतो आणि पुन्हा तिकडे फिरकत नाही. यात त्याचा तोटा थोडाच. गावोगावची मंदिरे, हस्तलिखितांची भांडारे, जुन्या पेढ्या यांची माहिती असलेला एक माणूस मराठी ज्ञानकोशाने गमावलेला असतो.

एखाद्या अनुभवी संपादकाने त्याच्या चर्चापानावर चार ओळी लिहिल्या असत्या, तर हे टळले असते. वाक्य खोडू नये. दोन्ही मते त्या त्या परंपरेच्या नावाने आणि ग्रंथाच्या आधाराने शेजारी शेजारी मांडावीत, एवढेच सांगायचे होते. विकिपीडिया यास तटस्थ दृष्टिकोन म्हणतो. स्याद्वाद ऐकत वाढलेल्या मुलास हे समजण्यास वेळ लागू नये. फरक आहे तो असा, की स्याद्वाद वस्तूच्या स्वरूपाविषयी बोलतो. विकिपीडिया कोणी काय म्हटले याची केवळ नोंद ठेवतो.

नोंद म्हटली की व्यापारी घराला सारे सोपे होते. प्रत्येक लेखाला ‘इतिहास’ असतो. कोणता बदल, कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता केला, हे तेथे दिसते आणि उलटवलेला मजकूरही वाचता येतो. कीर्दीत खाडाखोड न करता चुकीची नोंद उलट नोंदीने दुरुस्त करावी, तशीच ही रीत. नवख्याला हे पान एकदा उघडून दाखवले, की आपले लिखाण नष्ट झाले ही त्याची समजूत दूर होते. संदर्भाचेही तसेच. व्हाउचर नसलेली रक्कम हिशेबनीस खर्ची टाकत नाही. आजोबा सांगत असत, एवढ्यावर विधानही टिकत नाही.

सरावासाठी ‘धूळपाटी’ नावाचे पान आहे. पूर्वी पाटीवर धूळ पसरून मुले बोटाने अक्षरे गिरवीत, त्यावरून हे सुंदर नाव आले. तेथे चुकले तरी कोणी रागावत नाही. शंका विचारण्यासाठी ‘चावडी’ आहे. इंग्रजी विकिपीडियावर तर नवागतांना चावू नये, अशा अर्थाचे मार्गदर्शक पानच आहे. ते लिहावे लागले, यातच सर्व काही आले.

तथापि दोन गोष्टी नवख्याला आधीच स्पष्ट सांगितलेल्या बऱ्या. स्वतःच्या दुकानावर किंवा घराण्यावर लेख लिहू नये. तो जाहिरात समजून काढला जातो आणि मन खट्टू होते. आणि प्रतिष्ठा महोत्सवाच्या स्मरणिकेतील उतारे जसेच्या तसे उतरवू नयेत. तेथे प्रताधिकाराचा प्रश्न येतो. माहिती घ्यावी, शब्द आपले असावेत.

घरातील ज्येष्ठांना टंकलेखन जमत नसले, तरी त्यांच्या कपाटात जुने ग्रंथ असतात. त्यांनी ग्रंथाचे नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठक्रमांक एका कागदावर लिहून नातवाच्या हाती द्यावा. उरलेले काम तो धूळपाटीवर शिकून घेईल.