सायकलचा रस्ता कोणाच्या मालकीचा?

मुंबईच्या उपनगरांत सायकल चालवण्यास चांगले रस्ते कोणते, हा प्रश्न प्रथमदर्शनी हौशी मंडळींचा वाटतो. रेशन, घर, पाणी आणि रोजगार यांच्यासाठी झगडणाऱ्या कार्यकर्त्याने अशा प्रश्नात वेळ का घालवावा, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो समजण्यासारखा आहे. परंतु दिंडोशीसारख्या वस्तीत उभे राहून हाच प्रश्न विचारला, की त्याचे स्वरूप बदलते. चांगला रस्ता शोधता शोधता माणूस शेवटी एका जुन्याच प्रश्नापाशी येतो. सार्वजनिक जमीन कोणाच्या मालकीची, आणि तिचे वाटप कोण करतो?

दिंडोशीच्या आसपास चांगले रस्ते नाहीत असे नव्हे. महामार्गाने थोडे दक्षिणेस येऊन आरे नाक्याशी आत वळले, की १९४९ साली स्थापन झालेल्या दुग्धवसाहतीतून पवईकडे जाणारा झाडीचा रस्ता लागतो. त्यात चढ आहेत, वळणे आहेत, पहाटे बिबट्याचे भय आहे, तरीही उपनगरातील असंख्य लोक लांबवर सायकल चालवण्यास प्रथम येथेच शिकले असतील. उत्तरेस बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानाच्या दारातून आत गेले की कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत जंगलातला रस्ता आहे. स्वतःची सायकल नसलेल्याला तेथे ती भाड्यानेही मिळते. पश्चिमेस मालाडहून मार्व्याला जावे, फेरीबोटीत सायकल चढवावी आणि मनोरीला उतरावे. तेथून गोराई, उत्तन आणि भाईंदर हा कोळीवाड्यांच्या आणि वाड्यांच्या कडेने जाणारा रस्ता मुंबईच्या इतका जवळ असेल, यावर नवख्याचा विश्वास बसत नाही. ज्यांच्या पायांत बळ आहे ते दहिसर, काशीमिरा, घोडबंदर, ठाणे, मुलुंड, पवई अशी राष्ट्रीय उद्यानाची प्रदक्षिणाच करतात. ही फेरी सुमारे साठ किलोमीटरांची भरते आणि वाटेत गायमुखचा चढ लागतो.

मात्र या सर्व रस्त्यांना एक अट आहे. ते चांगले असतात ते पहाटे साडेपाच ते साडेसात या वेळेत, आणि त्यातही रविवारी. घड्याळाचा काटा पुढे सरकला की तोच आरेचा रस्ता पवईकडे धावणाऱ्या मोटारींची आडवाट होतो आणि तोच घोडबंदर रस्ता अवजड मालमोटारींच्या स्वाधीन होतो. पश्चिम द्रुतगती महामार्गावर तर उड्डाणपुलाच्या उतरणीपाशी वेगाने येणारी वाहने उजवीकडून डाव्या बाजूस घुसतात आणि बस थांब्याकडे वळलेली बस पुढून वाट अडवते. या दोहोंच्या मधल्या हातभर पट्टीत सायकलस्वाराने जीव मुठीत धरून चालवायचे असते. त्या पट्टीतही पेव्हर ब्लॉक खचलेले असतात आणि गटाराच्या जाळीत चाक अडकेल इतक्या फटी असतात.

येथेच दोन प्रकारच्या सायकलस्वारांमधील फरक स्पष्ट होतो. हौशी सायकलस्वार आपली वेळ निवडू शकतो. कुरार गावात पाव पोहोचवणारा, संतोषनगरात वर्तमानपत्रे टाकणारा, स्टेशनावरून डबे नेणारा, चहाची किटली अडकवून बांधकामावर फिरणारा, रात्रपाळी करून परतणारा पहारेकरी यांना ती निवड नाही. नऊ वाजता महामार्ग ओलांडणे हा त्यांच्या रोजीचाच भाग आहे. तेव्हा चांगल्या रस्त्याची कसोटी रविवारच्या पहाटेवर ठरवता येत नाही. सोमवारी सकाळी नऊ वाजता पाववाला ज्या रस्त्याने निर्धास्तपणे जाऊ शकेल, तोच चांगला रस्ता. या कसोटीला उतरणारा एकही रस्ता दिंडोशीतून निघत नाही, ही खरी वस्तुस्थिती आहे.

जमिनीच्या प्रश्नाशी दिंडोशीचे नाते जुने आहे. नागरी कमाल जमीनधारणेचा १९७६ चा कायदा पुस्तकातच राहू नये, अतिरिक्त जमीन सामान्यांच्या घरांसाठी मिळावी, यासाठी मृणाल गोरे, बाबूराव सामंत आणि त्यांचे सहकारी लढले. त्या लढ्यातूनच नागरी निवारा परिषदेची हजारो घरे दिंडोशीच्या टेकडीवर उभी राहिली. पुढे २००७ साली महाराष्ट्राने तो कायदाच रद्द केला, हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्या लढ्यातील मूळ विचार असा होता, की शहरातील जमीन मर्यादित आहे, म्हणून तिचा वापर क्रयशक्तीवर न सोडता गरजेनुसार ठरला पाहिजे. रस्त्याचा पृष्ठभाग हीही शहरातील जमीनच आहे. किंबहुना ती पूर्णपणे सार्वजनिक पैशाने तयार झालेली आणि राखलेली जमीन आहे. एक मोटार उभी करण्यास जितकी जागा लागते तितक्यात आठ-दहा सायकली सहज उभ्या राहतात. तरीही रस्त्याच्या कडेला दिवसभर फुकट उभ्या असलेल्या मोटारीस कोणी अतिक्रमण म्हणत नाही. फेरीवाल्याच्या टोपलीला मात्र म्हणतात.

गेल्या काही वर्षांतील मोठे प्रकल्प पाहिले तर या वाटपाची दिशा लपून राहत नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ साली खुला झाला. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू आणि त्याच वर्षी मार्चमध्ये सागरी किनारा मार्गाचा पहिला भाग सुरू झाला. या तिन्ही ठिकाणी सायकलला मज्जाव आहे. वेगवान मोटारींच्या मधोमध सायकल असू नये, हे सुरक्षिततेच्या दृष्टीने मान्य करता येईल. पण मग ज्याला मज्जाव केला त्याच्यासाठी समांतर, सुरक्षित मार्ग देण्याची जबाबदारी कोणाची? सर्वांच्या करातून हजारो कोटी खर्चायचे आणि करदात्यांतील निम्म्याहून अधिक लोकांना दारातूनच परत पाठवायचे, याला सार्वजनिक बांधकाम म्हणणे कठीण आहे.

सायकलमार्ग मुळीच आखले गेले नाहीत असेही नाही. जे आखले गेले त्यांची कहाणी मात्र उद्बोधक आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ च्या सुमारास महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने सायकलमार्ग बांधले. त्यांवर मोटारी उभ्या राहू लागल्या, ते कोठून निघतात आणि कोठे पोहोचतात याचा मेळ बसेना, आणि २०२५ मध्ये ते काढून ती जागा मोटारींच्या रहदारीस देण्याचे ठरले. पवईला महापालिकेने तलावाच्या काठाशी पाण्यातच सायकलमार्ग घालण्यास आरंभ केला. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२२ रोजी ते बांधकाम बेकायदा ठरवून काढून टाकण्याचा आदेश दिला. रस्त्यावरील मोटारींची जागा घेण्याचे धैर्य नाही म्हणून तलावाची जागा घ्यायची, असा हा प्रकार होता. न्यायालयाने तो थांबवला याचा सायकलप्रेमींनीही आनंदच मानला पाहिजे.

तिसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंच्या झोपड्या हटवण्याचा आदेश न्यायालयाने जलवाहिनीच्या सुरक्षिततेसाठी दिला होता. मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर मुलुंडपासून शीवपर्यंत एकोणचाळीस किलोमीटरांचा सायकलमार्ग करण्याची योजना महापालिकेने २०१७ मध्ये जाहीर केली. तेथून उठवलेल्या हजारो कुटुंबांना माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी नेऊन टाकण्यात आले. तेथील हवा आरोग्यास घातक असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ सालीच नोंदवले होते. विद्याविहारला या कुटुंबांनी दीर्घकाळ ठिय्या दिला, आणि अखेर सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना माहुलमध्ये राहण्याची सक्ती करता येणार नाही असे सांगितले. जलवाहिनीचे रक्षण आवश्यक आहे, याविषयी दुमत नाही. पण ज्या माणसांना कामावर जाण्यासाठी सायकलची सर्वाधिक गरज होती त्यांनाच कामापासून दूर नेऊन त्यांच्या जागी सायकलमार्ग आखला जातो, तेव्हा तो मार्ग कोणासाठी हे विचारावेच लागते.

सायकल हे आता कोणाचेच वाहन राहिले नाही, असे धोरणकर्ते गृहीत धरून चालतात. आकडे तसे सांगत नाहीत. २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेरील कामांवर सायकलने जाणाऱ्यांची संख्या देशभरात सुमारे २ कोटी ६० लाख होती आणि ती स्कूटर-मोटारसायकलने जाणाऱ्यांहून किंचित अधिकच होती. त्या वर्षी जवळजवळ ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. मोटार होती पाच टक्क्यांहून कमी कुटुंबांकडे. करधोरणाने मात्र वेगळाच न्याय केला. ऑगस्ट २०१९ पासून विजेवर चालणाऱ्या मोटारीवर ५ टक्के वस्तू व सेवा कर आणि माणसाच्या पायांवर चालणाऱ्या सायकलवर १२ टक्के, ही विसंगती तब्बल सहा वर्षे टिकली. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलवरील कर ५ टक्क्यांवर आला. पर्यावरणाच्या नावाने सवलत द्यायची, तर ती आधी कोणाला द्यायची, हे सुचण्यास सहा वर्षे लागली!

मोटारीचा खरा खर्च तिचा मालक भरत नाही, हे अर्थशास्त्रातील प्राथमिक सत्य आहे. धूर, गोंगाट, अडलेला रस्ता आणि अपघात यांचे ओझे इतरांवर पडते. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत पादचारी ३२,८२५ होते आणि सायकलस्वार सुमारे ४,८०० होते. ज्यांच्यापासून कोणाला धोका पोहोचत नाही, तेच इतक्या मोठ्या संख्येने बळी पडतात. ही हानी मोटारीच्या किमतीत कोठेही धरलेली नसते.

यावर नेहमीचे उत्तर असे, की मुंबईत सायकलस्वार दिसतातच किती? ज्या नळाला पाणीच सोडलेले नाही त्यावर रांग दिसत नाही, म्हणून वस्तीला पाणी नको असा निष्कर्ष काढण्यासारखे हे आहे. गोरेगावच्या जनतेला तरी हे समजावून सांगण्याची गरज नसावी. ऊन, पाऊस आणि अंतर या अडचणी खऱ्या आहेत. पण नागरी निवाऱ्यातून दिंडोशी मेट्रो स्थानकापर्यंत, कुरारहून मालाड स्टेशनापर्यंत, संतोषनगरातून शाळेपर्यंत जायला मुंबई पार करावी लागत नाही. ही दोन-चार किलोमीटरांचीच अंतरे आहेत. मेट्रोच्या या मार्गावर २०२२ मध्ये डब्यात सायकल नेण्यास परवानगीही देण्यात आली. स्थानकापर्यंत सुरक्षित पोहोचण्याचा रस्ता मात्र कोणी दिला नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच गोटातून येतो. लाख-लाख रुपयांच्या सायकली घेऊन रविवारी फिरणाऱ्यांची ही चैन आहे, असे काहींना वाटते. त्यात तथ्यांश आहे. परंतु त्या हौशी मंडळींना खड्डा, जाळी आणि भरधाव मोटार यांचा जो त्रास होतो तोच पाववाल्याला रोज होतो. पहिल्याचा आवाज वर्तमानपत्रात पोहोचतो, दुसऱ्याचा पोहोचत नाही. दोघांना एका मागणीवर आणणे हे राजकीय कार्यकर्त्याचे काम आहे.

अन्य देशांत हे आपोआप घडलेले नाही. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर चारशेहून अधिक मुले मोटारींखाली मेली, तेव्हा आईबाप ‘बालहत्या थांबवा’ अशी घोषणा देत रस्त्यावर बसले. आज जगाला हेवा वाटावा असे तेथील सायकलमार्ग त्या आंदोलनाच्या रेट्यातून आले आहेत. कोलंबियाची राजधानी बोगोता हे काही श्रीमंत शहर नव्हे. तेथे १९७४ पासून रविवारी प्रमुख रस्ते मोटारींना बंद ठेवून लोकांना खुले करण्याची प्रथा सुरू झाली, आणि आज शंभराहून अधिक किलोमीटर रस्ते त्या दिवशी लोकांचे असतात.

दिंडोशीत मागणी करण्याची वेळ हीच आहे. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या जुळ्या बोगद्यांचे भूमिपूजन १३ जुलै २०२४ रोजी झाले. बोगद्यांच्या या कामावर ६,३०० कोटी रुपये खर्च होणार आहेत. या जोडरस्त्याचा उड्डाणपूल दिंडोशी न्यायालयापासून चित्रनगरीच्या दिशेने जातो. वरचा रस्ता वेगवान मोटारींना मिळाला आहे, तर खालचा रस्ता तरी पादचारी, बस आणि सायकल यांना मिळाला पाहिजे. त्यावर कठड्याने विभागलेली सलग सायकलपट्टी हवी, आणि ती बस आगार, न्यायालय, शाळा व मेट्रो स्थानक यांना जोडणारी हवी. महामार्ग ओलांडण्याच्या जागी सायकलला स्वतंत्र वाट, स्थानकाखाली निर्धोक सायकलतळ आणि आडव्या पट्ट्यांची गटारझाकणे यांना फारसा पैसा लागत नाही. पट्टीवर उभ्या राहणाऱ्या मोटारीला दंड झाला पाहिजे. आणि या कामासाठी एकही झोपडी, एकही झाड, तलावाचा एकही फूट जाता कामा नये. जागा घ्यायची ती मोटारीकडूनच.

यासाठी आरंभ लहान करता येईल. कार्यकर्त्यांनी एका कामाच्या दिवशी सकाळी आठ ते दहा आपल्या नाक्यावर उभे राहून सायकलस्वार मोजावेत, ते कोठून येतात आणि कोठे जातात ते विचारावे, धोक्याच्या जागा नकाशावर टिपाव्यात आणि तो नकाशा घेऊन प्रभाग कार्यालयात जावे. पाण्याचे लढे अशाच रिकाम्या हंड्यांच्या मोजदादीतून उभे राहिले होते. दिंडोशीतून निघणाऱ्या चांगल्या रस्त्यांची यादी आज पहाटेपुरती आहे. ती सकाळी नऊ वाजताही खरी ठरेल, तेव्हाच या रस्त्यांवर सर्वांचा हक्क आहे असे म्हणता येईल.