मामी, सही करू नको

गेल्या पावसाळ्यात माझ्या मामाला ट्रकनं उडवलं. मामा गवंडी. शिनोळीला कामावर जाताना बाचीच्या अलीकडं मागून धडक बसली. जीव वाचला, पण डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात ट्रकमालकाचा मॅनेजर आला. बोलायला एकदम गोड, आणि शुद्ध मराठीत. "वैनी, आपण सगळी आपलीच माणसं. कोर्टात धा वर्सं जातील. हे ४० हजार ठेवा, औषधाला होतील. हितं फक्त सही करा, स्टेशनात द्यायचाय कागद."

कागद कन्नडमध्ये टाईप केलेला होता. मामी मराठी चौथी शिकलेली. बाजारापुरतं कन्नड बोलते, अक्षर एक ओळखत नाही. पेन हातात घेतलेला. शेजारच्या खाटेवर बैलहोंगलकडचा एक म्हातारा होता, त्याची मुलगी आमच्याकडं बघत होती. ती हळूच म्हणाली, "सही माडब्याडवा." सही करू नको गं बाई.

मी कागद घेऊन वाचला. त्यात लिहिलं होतं, की मोटरसायकलवाल्यानं इशारा न करता अचानक गाडी वळवली, ट्रकचालकाची काही चूक नाही, पैसे मिळाले, आता आमची कसलीही तक्रार नाही.

मामीला अर्थ सांगितला. तिनं पेन खाली ठेवला.

मित्रांनो, आपल्या पेजवर भाषेबद्दल आपण खूप लिहितो. पाट्या, परिपत्रकं, शाळा. ते लिहायलाच पाहिजे. पण त्या दिवशी मला कळलं, की भाषेचा प्रश्न खाटेशेजारी, पेन हातात असताना येतो तेव्हा त्याची किंमत रुपयात मोजता येते. ती कशी ते सांगते.

एका वाक्याची किंमत

अपघातात कायमचं अपंगत्व आलं, तर भरपाईचं गणित ठरलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांनी ते घालून दिलं. वयाप्रमाणे एक गुणक असतो. ४१ ते ४५ वयाला तो १४ आहे. स्वतःच्या हातावर पोट असणाऱ्या ४० ते ५० वयाच्या माणसाच्या कमाईत पुढच्या वाढीसाठी २५ टक्के धरतात. आणि २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालानं सांगितलं, की डॉक्टरनं किती टक्के अपंगत्व लिहिलं एवढंच बघायचं नाही, त्या माणसाची कमाई किती बुडाली ते बघायचं. टेबलावर काम करणाऱ्याचा पाय जाणं वेगळं, परातीवर चढणाऱ्या गवंड्याचा पाय जाणं वेगळं.

समजा एक गवंडी आहे, वय ४२, महिन्याची कमाई १५ हजार. वाढ धरून झाले १८,७५०. वर्षाचे २ लाख २५ हजार. गुणिले १४, म्हणजे ३१ लाख ५० हजार. कमाईची क्षमता ६० टक्के गेली असं कोर्टानं मानलं, तर १८ लाख ९० हजार. दवाखान्याचा खर्च, कृत्रिम पाय, सोसलेल्या वेदना हे सगळं त्याच्यावर वेगळं.

आता त्या कागदातलं वाक्य परत वाचा. 'इशारा न करता अचानक गाडी वळवली.' असा एक कागद सही करून दिला म्हणून दावा आपोआप संपत नाही. पण विमा कंपनीचा वकील तोच कागद पहिल्यांदा कोर्टापुढं ठेवणार. कोर्टानं चूक अर्धी-अर्धी मानली, तर भरपाईही निम्मी होते. म्हणजे १८ लाख ९० हजारांतले ९ लाख ४५ हजार गेले. न वाचता आलेल्या एका वाक्यामुळं.

आणि मॅनेजर देत होता ४० हजार.

मग पैसे कुणी द्यायचे?

आपल्याकडं अपघात झाला की लोक पहिल्यांदा ड्रायव्हरला धरतात. मारहाण होते, काचा फुटतात, रास्ता रोको होतो. ड्रायव्हर बिचारा पगारावर काम करणारा, त्याच्याकडं काय मिळणार? कायद्यात तीन जण येतात: चालक, ट्रकचा नोंदणीकृत मालक आणि विमा कंपनी. चालकानं मालकाचं काम करताना चूक केली, तर जबाबदारी मालकावरही येते. 'ट्रक मी कधीच विकलाय' हे उत्तरही चालत नाही. आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव, तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या नवीनकुमार प्रकरणात सांगितलंय. प्रत्यक्षात पैसे बहुतेक वेळा विमा कंपनी भरते, कारण तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे. चालकाचं लायसन्स बरोबर नव्हतं म्हणून कंपनी हात वर करते, तेव्हा अनेक प्रकरणांत कोर्ट तिला आधी पीडिताला पैसे द्यायला लावतं आणि नंतर मालकाकडून वसूल करायला सांगतं.

म्हणून काचा फोडायच्या आधी नंबर प्लेटचा फोटो काढा. ट्रक कुठं थांबला, टायरच्या खुणा, मागचा लाईट, रिफ्लेक्टर, सगळ्याचे फोटो. ऊसाच्या सीझनमध्ये रात्री रस्त्यात बिनलाईटच्या ट्रॉल्या उभ्या असतात, तिथं तर हे फोटोच उद्या बोलणार.

ट्रक पळून गेला आणि सापडलाच नाही, तरी सरकारी योजनेतून मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार मिळतात. २०२५ च्या मे महिन्यापासून केंद्राची कॅशलेस उपचार योजना आहे. नेमलेल्या दवाखान्यात पहिले सात दिवस, दीड लाखापर्यंत. ॲडमिट करतानाच त्याबद्दल विचारा.

सीमेवरच्या माणसासाठी खास

आमचं घर एका राज्यात आणि रोजगार दुसऱ्या राज्यात. उचगावचा माणूस शिनोळीला, निपाणीचा कागलला, खानापूरचा चोर्ला घाटातून गोव्याला. अपघात सीमेच्या पलीकडं झाला, की घरची माणसं घाबरतात. आता चंदगडला खेटे घालायचे का? गोव्याला वकील कुठला बघायचा?

हे माहीत असू द्या: मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणं दावा तीन ठिकाणी करता येतो. जिथं अपघात झाला तिथं, जिथं तुम्ही राहता तिथं, किंवा जिथं समोरची पार्टी राहते तिथं. निवड तुमची. शिनोळीत अपघात झाला तरी बेळगावात दावा चालतो. पोलिसांचंही तसंच. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं 'आमची हद्द नाही' म्हणून फिर्याद नाकारता येत नाही. ती घेऊन पुढं पाठवायची असते. तोंडी सांगितलेली फिर्याद लिहून घेतल्यावर वाचून दाखवायची असते आणि तिची प्रत फुकट द्यायची असते.

वाचून दाखवायची. पण कुठल्या भाषेत? माझं भांडण इथून सुरू होतं.

२०२२ च्या नियमांप्रमाणं तपास करणाऱ्या पोलिसानं दहा दिवसांत पीडिताला त्याच्या हक्कांचं पत्रक द्यायचं असतं. आम्हाला ते मागितल्यावर मिळालं. ते मामीला वाचता येत नव्हतं. मग हक्क मिळाले म्हणायचे का? १९५६ च्या भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाच्या निवेदनापासून हे तत्त्व मान्य आहे, की जिथं अल्पसंख्याक भाषेची माणसं १५ टक्क्यांच्या वर आहेत, तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात. संविधानाचं कलम ३५० सांगतं, की गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो. मी राज्यशास्त्रात हे परीक्षेसाठी पाठ केलं होतं. त्याचा अर्थ दवाखान्यात कळला. पाय गेलेल्या माणसाच्या हक्कांचं पत्रक ही महत्त्वाची सूचना नसेल, तर मग कुठली?

आपली मागणी यापुढं अशी ठोस हवी. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात हे पत्रक मराठीत ठेवा. जबाब घेताना तो मराठीत समजावून सांगा आणि तसं त्याच्यावर लिहा. यात कन्नडचं काहीच कमी होत नाही.

आणि आपलं काम

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. अपघाताच्या दाव्याला मात्र कायद्यानं सहा महिन्यांची मुदत घातलीय, १ एप्रिल २०२२ पासून. या मुदतीलाही सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलंय, पण त्या भरवशावर कुणी दिवस घालवू नये.

आणि एक कडू गोष्ट बोलते. मॅनेजर मराठी होता. सही करू नको म्हणणारी कन्नड होती. नुसत्या आडनावावर आणि बोलीवर विश्वास ठेवला असता, तर आम्ही बुडालो असतो.

शाळेत कन्नड शिकायला लावलं म्हणून माझी पिढी चिडली, मीही चिडले होते. सक्तीबद्दलचा राग आजही आहे. पण ती अक्षरं आता आपल्याला येतात, आणि मामा-मामींच्या पिढीला येत नाहीत. मग ती अक्षरं आपल्या माणसांसाठी वापरूया. प्रत्येक गावातून दोघा-तिघांनी एवढं केलं तरी पुरे: अपघात झाला की दवाखान्यात जायचं, कुठल्याही कागदावर सही व्हायच्या आधी तो वाचून मराठीत सांगायचा, फिर्यादीची प्रत घ्यायची. पंचनामा, दवाखान्याची बिलं, डिस्चार्ज कार्ड, कमाईचा पुरावा एका फाईलीत लावायचं. गवंड्याला पगारपत्रक कुठलं? मग ज्यांच्याकडं काम केलं त्यांची नावं आजच लिहून ठेवा.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून कुणी थांबू नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि कमी उत्पन्नाची माणसं यांना वकील फुकट मिळतो. फोन नंबर १५१००. आणि कुणी वकील 'मिळालेल्यातले एवढे टक्के माझे' म्हणाला, तर बार कौन्सिलच्या नियमांत तसं बसत नाही, हे त्याला नम्रपणे सांगा.

लोकअदालतीत तडजोड लवकर होते, ती वाईट नाही. पण तिथं सही झाली की अपील नाही. म्हणून आधी वरचं गणित कागदावर मांडा, मग आकडा ऐका.

मामाचा दावा बेळगावात चालू आहे. किती मिळेल, कधी मिळेल, मला सांगता येणार नाही. ४० हजार परत केले त्या महिन्यात मामीनं सोसायटीचं कर्ज काढलं. ते फेडायला ती आता दुसऱ्यांच्या रानात जाते. एकदा तिनं विचारलं, "त्या दिवशी घ्यायला पायजे होते का गं?" मी तिला गणित परत सांगितलं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "बरं, मग लढू. पण पुढचा कागद आला की तू येच."

मी जाणार आहे. तुमच्या गावात कोण जाणार, ते आजच ठरवा.