सॉफ्टवेअर फुकट, खर्च मात्र दरवर्षीचा

आपल्या समाजाच्या ट्रस्टतर्फे चालणाऱ्या अनेक लहान रुग्णालयांत आजही केसपेपर, रजिस्टर आणि कपाटातल्या फायली यांवरच कारभार चालतो. हे फार दिवस चालणार नाही. २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले आणि १४ अंकी 'आभा' क्रमांक आला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असून मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये अमलात येतील. संगणकावरची माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

मग ट्रस्टींनी काय करायचे? एक चांगला मार्ग आहे ओपन सोर्सचा. 'ओपनएमआरएस' ही प्रणाली २००४ पासून, केनियातल्या एचआयव्ही रुग्णांच्या उपचारांच्या गरजेतून उभी राहिली. तिच्याच पायावर भारतात 'बाह्मनी' तयार झाली. छत्तीसगडमधल्या गनियारी इथल्या जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयात ती वापरात आली. नोंदणी, ओपीडी, लॅब, औषधे, बिल हे सगळे त्यात आहे आणि परवान्याची फी शून्य आहे. शिवाय उद्या देखभाल करणारी कंपनी बदलली तरी प्रणाली आणि नोंदी आपल्याकडेच राहतात. याचे महत्त्व महाराष्ट्राने पाहिले आहे. २०२२ मध्ये खासगी कंपनीबरोबरच्या कराराचा वाद झाला, तेव्हा राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना पुन्हा हाताने केसपेपर लिहावे लागले.

पण इथेच बहुतेक ट्रस्टींची गफलत होते. फुकट म्हटले की एखादा दानशूर कॉम्प्युटर देतो, फीत कापली जाते आणि वर्षभरात मशीन धूळ खात पडते. कारण खरा खर्च माणसांचा आहे. बजेटमध्ये सर्व्हर, इन्व्हर्टर, वायरिंग आणि प्रिंटर एकदाच येतात. पण प्रणाली सांभाळणारा तंत्रज्ञ, नव्या नर्स आणि क्लार्कचे प्रशिक्षण, रोजचा बॅकअप आणि सुरक्षेचे अपडेट हे दरवर्षी येतात. पहिले काही आठवडे ओपीडी संथ चालेल, तोही खर्चच. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि जवळपास दोन आठवडे कामकाज हाताने करावे लागले. एम्सची ही गत, तर बॅकअपशिवाय आपले काय?

आपल्याकडे एक खास अडचण नावांची आहे. एकाच मोहल्ल्यात शेख सलीम किती, फातिमाबी किती! त्यात उर्दू, मराठी, इंग्रजी स्पेलिंग वेगवेगळे. चुकीच्या सलीमच्या फायलीत दुसऱ्याची औषधाची ॲलर्जी गेली तर जिवावर बेतेल. म्हणून नोंदणीच्या खिडकीवर वडिलांचे किंवा पतीचे नाव, जन्मवर्ष, मोबाईल नंबर तपासणारा आणि बारकोडचे कार्ड देणारा शांत डोक्याचा माणूस हवा. त्याच्या पगारात काटकसर नको.

आता पैशाचा प्रश्न. जकात गरजूच्या मालकीत गेली पाहिजे, असे आपल्याकडचे बहुतेक उलेमा सांगतात. त्यामुळे सर्व्हर आणि पगारासाठी लिल्लाह, इमदाद किंवा ट्रस्टचे उत्पन्न वेगळे ठेवावे, आणि शंका असेल तिथे मुफ्तीसाहेबांना विचारूनच पुढे जावे. हिशेबाचा फायदाही आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ एए खालच्या योजनेत येणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जाते. नोंद नीट असेल तर धर्मादाय आयुक्तांनाही आणि जकात देणाऱ्यांनाही पै-पैचा हिशेब दाखवता येतो.

मात्र कोणाचे बिल जकातीतून भरले, कोणाला टीबी आहे, कोणत्या मुलीने कोणती तपासणी केली, हे काउंटरवरच्या प्रत्येकाला दिसता कामा नये. कोणी काय पाहायचे हे पहिल्याच दिवशी ठरवा. आजाऱ्याची माहिती ही अमानत आहे, आणि कायदा नसता तरी ती अमानतच राहिली असती.

सगळे एकदम करू नका. आधी नोंदणी आणि ओपीडी, ते रुळले की लॅब आणि मेडिकल, मग वॉर्ड आणि बिल. ट्रस्टच्या पुढच्या मीटिंगमध्ये 'सॉफ्टवेअर कितीला पडेल?' एवढेच विचारू नका. 'तिसऱ्या वर्षी हे कोण चालवणार आणि त्याचा पगार कुठून येणार?' हे विचारा. याचे उत्तर लेखी असेल तरच काम सुरू करा. अल्लाह या खिदमतीत बरकत देवो.